रॉकच्या कोशांची कार्डं : मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत

मंडळी, गेल्या दिवाळीत कळवलं होतं की यंदाच्या नारळी पौर्णिमेपर्यंत पाचशे कार्डं पुरी करीन. आज नारळ समुद्रात पडला आणि पेटीत कार्डं आहेत ४१२. मागे पडलो त्याला निम्मं कारण पाऊस आणि निम्मं एकच गाणं. दोन्हींबद्दल लिहितो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. रॉक संगीताच्या इतिहासावरचे कोश, याद्या आणि संदर्भग्रंथ मिळून माझ्याकडे २३ पुस्तकं आहेत. वाचनालयात पूर्वी असायची तशी जाड कार्डं कापून घेतली आहेत. एका कार्डावर एकच नोंद: एक गायक, एक बँड, एक रेकॉर्ड किंवा एक कंपनी. मजकूर मराठीत, आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या सालच्या आवृत्तीत आहे याची खूण. आवृत्तीचं साल लिहायची सवय उशिरा लागली, त्यापायी पहिली साठेक कार्डं पुन्हा लिहिली. ती मेहनत वाया गेली नाही, ते पुढे येईलच.

मृगाआधी

आमचं घर रत्नागिरीच्या दक्षिणेला, जांभ्याचं, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. म्हणून मे अखेरीस सगळी पुस्तकं ओटीवर काढली आणि पानं पंख्यासारखी उघडून दोन दिवस वाऱ्यावर उभी ठेवली. उन्हात नाही. कडक उन्हानं जुना कागद पिवळा पडतो आणि पाठीचा डिंक तडकतो. सत्तरच्या दशकातल्या पेपरबॅकना बहुतेक शिवण नसतेच. एक पान सुटलं की मागोमाग दहा सुटतात. फणसाचं कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, प्रत्येक कप्प्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवली आणि तळाला पंधरा वॅटचा दिवा लावला. वेखंड कसरीसाठी. बुरशी रोखायला दिव्याचीच ऊब लागते.

तरी घात व्हायचा तो झालाच. आषाढात तीन दिवस वीज नव्हती. चौथ्या दिवशी कपाट उघडलं तर निक लोगन आणि बॉब वॉफिंडन यांचा चित्रमय कोश हाताला जड लागला. त्यातली रंगीत पानं, म्हणजे रेकॉर्डच्या कव्हरांची चित्रं, एकमेकांना चिकटायला लागली होती. गुळगुळीत कागदावरचा लेप दमटपणात मऊ पडतो. पानं ओलसर असेतोवर सोडवली तर सुटतात, एकदा चिकटून वाळली की चित्र फाटल्याशिवाय सुटत नाहीत. रात्री कंदिलाजवळ बसून लोणी लावायच्या सुरीने एकेक पान वेगळं केलं. अकरा जोड्या सुटल्या, दोन गेल्या. आता रंगीत पानांमध्ये बटर पेपर घातला आहे. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवावं.

‘रॉकेट ८८’चं कार्ड

या एका कार्डाने माझे अठरा दिवस घेतले. मार्च १९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत हे गाणं ध्वनिमुद्रित झालं, शिकागोच्या चेस कंपनीने ते बाजारात आणलं आणि बिलबोर्ड या अमेरिकी साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोचलं. रेकॉर्डवर नाव आहे जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याच्या डेल्टा कॅट्सचं. आवाज ब्रेन्स्टनचाच. पण डेल्टा कॅट्स असा वेगळा बँड नव्हताच. वाजवणारे होते आइक टर्नरच्या ‘किंग्ज ऑफ रिदम’मधले, आणि ब्रेन्स्टन त्याच बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. गिटारचा जो खरखरीत, फाटलेला आवाज ऐकू येतो, तो वाटेत बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये कागद कोंबल्यामुळे आला असं सांगतात.

मग कार्ड कुणाच्या नावाने? याद्यांची शिस्त अशी की लेबलवर छापलंय तेच नाव. इतिहास सांगणारी पुस्तकं मात्र हे गाणं टर्नरच्या किंवा फिलिप्सच्या गोष्टीत ओवतात. मी मुख्य कार्ड ब्रेन्स्टनच्या नावाने केलं आणि टर्नर व फिलिप्सच्या जागी ‘पाहा’ लिहिलेली दोन छोटी कार्डं घातली. रेकॉर्ड हातात घेऊन पेटीशी येणाऱ्याला लेबलवरचं नावच आधी दिसणार, म्हणून.

त्यातूनच पुढचा प्रश्न आला: हे पहिलं रॉक अँड रोल गाणं का? बरेच लोक तसं मानतात. दुसरा पक्ष ९ जुलै १९५५ ही तारीख धरतो, बिल हेलीचं ‘रॉक अराउंड द क्लॉक’ बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं तो दिवस. ते गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं १२ एप्रिल १९५४ लाच. ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ चित्रपटात वाजलं तेव्हा उचललं गेलं. माझी सुटका चार्ली जिलेट यांनी केली. त्यांचं ‘द साउंड ऑफ द सिटी’ १९७० चं, कोलंबिया विद्यापीठात केलेल्या प्रबंधातून वाढलेलं. पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलचे ते पाच प्रकार पाडतात: उत्तरेकडच्या बँडांचा, न्यू ऑर्लिअन्सचा, मेम्फिसचा, शिकागोचा आणि चार-पाच जणांनी मिळून गायचा. पाच ओढे पाच डोंगरांवरून आले, तर नदीचा पहिला थेंब कुठला हे विचारायचं कशाला? कार्डावर ‘पहिलं’ हा शब्द मी लिहिलेला नाही.

संदर्भग्रंथ म्हणून जिलेट मला सगळ्यात जवळचे. गायकांइतकंच लक्ष ते छोट्या कंपन्यांकडे देतात: चेस, सन, अटलांटिक, सिनसिनाटीची किंग. गाणं कुणी गायलं हे कोश सांगतो. ते कुणी छापलं, कुठल्या रेडिओवर वाजलं, हे कळल्याशिवाय इतिहास उभा राहत नाही.

दोन याद्या, दोन खरं

बीटल्सचं ‘प्लीज प्लीज मी’ जानेवारी १९६३ चं. १९७७ पासून निघालेल्या गिनेसच्या ब्रिटिश हिट गाण्यांच्या पुस्तकात ते दुसऱ्या क्रमांकावरच थांबतं आणि पहिलं येण्याचा मान ‘फ्रॉम मी टू यू’ला जातो. दुसरीकडे बीटल्सचं पहिलं नंबर एक म्हणून ‘प्लीज प्लीज मी’चंच नाव वाचायला मिळतं. चूक कुणाचीच नाही. त्या वेळी ब्रिटनमध्ये एकच अधिकृत यादी नव्हती. न्यू म्युझिकल एक्स्प्रेस आणि मेलडी मेकर या साप्ताहिकांच्या याद्यांत ते पहिलं होतं, रेकॉर्ड रिटेलरच्या यादीत दुसरं, आणि गिनेसवाल्यांनी १९६० नंतरच्या काळासाठी रेकॉर्ड रिटेलर धरलं. अमेरिकेतही ४ ऑगस्ट १९५८ ला हॉट हंड्रेड ही एकत्रित यादी सुरू होण्याआधी बिलबोर्डच्या दुकानातल्या विक्रीच्या, रेडिओच्या आणि ज्यूकबॉक्सच्या याद्या वेगवेगळ्या असत. म्हणून आता कार्डावर नुसता क्रमांक लिहीत नाही, यादीचं नावही लिहितो. जुनी सगळी कार्डं त्यासाठी तपासायची आहेत. सत्तर झाली.

पीट फ्रेम यांच्या ‘रॉक फॅमिली ट्रीज’ची, म्हणजे बँडांच्या वंशवृक्षांच्या पुस्तकाची, प्रतही या मोसमात हाती आली, पण एका बाईंडरकडून शिवून आलेली. त्याने कडा सारख्या करताना दोन वृक्षांच्या फांद्यांची टोकं कापली आहेत. फार वाईट वाटलं, कारण हे वृक्ष फ्रेम यांनी एकेक अक्षर हाताने लिहून काढलेत. आमच्या घरात कुलवृत्तांत आहे. कोण कुठल्या गावी गेला, कोण दत्तक गेला, सगळं त्यात. यार्डबर्ड्स या बँडचं घराणं त्याच नजरेनं वाचलं. मार्च १९६५ मध्ये गिटारवादक क्लॅप्टन बाहेर पडतो, जेफ बेक येतो, १९६६ मध्ये जिमी पेज येतो तो आधी बास वाजवायला, आणि १९६८ मध्ये घर मोडल्यावर पेजच्या हाताखाली लेड झेपलिन उभं राहतं. कापलेली टोकं मी वेगळ्या कार्डावर जुळवतो आहे.

जुनी आवृत्ती का ठेवायची

हे मला या मोसमात पुरतं पटलं. लिलियन रॉक्सन ऑस्ट्रेलियातून पत्रकारिता करत न्यूयॉर्कला आलेल्या. त्यांचा ‘रॉक एन्सायक्लोपीडिया’ १९६९ चा. आषाढातल्या त्या अंधाऱ्या दिवसांत तो सलग वाचला. त्यात हेंड्रिक्स जिवंत आहे. जॅनिस जॉप्लिन जिवंत आहे, जिम मॉरिसन जिवंत आहे, बीटल्स एकत्र आहेत. पुढच्या दोन वर्षांत, जुलै १९७१ पर्यंत, हे सगळं संपणार आहे आणि लिहिणाऱ्या बाईंना त्याची चाहूलही नाही. १९७३ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, दम्याने त्याही गेल्या. नंतरच्या कोशांत या तिघांच्या नोंदी मृत्यूकडे डोळे लावून लिहिलेल्या वाटतात. रॉक्सनबाईंच्या पानावर ती माणसं नुसती गातायत.

रोलिंग स्टोन या नियतकालिकाच्या सचित्र रॉक-इतिहासाचंही तसंच. १९७६ ची आवृत्ती निघाली तेव्हा सेक्स पिस्टल्स या पंक बँडची पहिली रेकॉर्ड यायची होती. १९८० च्या आवृत्तीत पंकवर प्रकरण आलं, १९९२ च्या आवृत्तीत जुनी काही गळली. ‘सुधारित आहे ना, मग जुनं रद्दीत द्या’ असं मला घरीदारी सगळे सांगतात. मी देणार नाही. हेंड्रिक्सच्या कार्डावर पहिली ओळ १९६९ च्या आवृत्तीचीच आहे, वर्तमानकाळात, आणि तिच्याखाली दोन बोटं जागा सोडून बाकीच्या आवृत्त्या सुरू होतात.

आपल्याकडची कार्डं अजून अकराच. सिमला बीट या बँडांच्या स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्डी, मुंबईत १९८६ ला सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव, १९९३ मध्ये अलाहाबादहून अमित सैगल यांनी काढलेलं रॉक स्ट्रीट जर्नल. विलायती कोशांतून यांतलं काही हाती लागत नाही, त्यामुळे ही कार्डं जुन्या अंकांवरूनच करावी लागतील. कुणाकडे जर्नलचे पहिल्या दोन-तीन वर्षांतले अंक असतील तर दोन दिवसांसाठी द्या, वेखंडात ठेवून परत करीन.

भाचा गणपतीला मुंबईहून येतोय. माटुंग्याच्या फुटपाथवर त्याला सचित्र इतिहासाची १९८० ची प्रत दिसली आहे आणि विक्रेत्याने ती बाजूला काढून ठेवली आहे. कपाटात १९७६ च्या शेजारी जागा केली आहे.