कोरेशाला बोलावलं कोणी?

२०१३च्या डिसेंबरात पर्शियाचा सम्राट कोरेश (सायरस) याचा मातीचा दंडगोल लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून मुंबईला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला. मी पुण्यात जुना करार, म्हणजे बायबलचा पहिला भाग, शिकवतो. अख्खा वर्ग घेऊन निघालो.

वस्तू जेमतेम वीतभर. भाजलेली माती आणि अंगभर बारीक कीलाकार अक्षरं. १८७९ साली होर्मुझ्द रस्सामच्या खोदकामात बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) अवशेषांत सापडलेली. पोरांना वाटत होतं, यात बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकातलं फर्मान असेल, बाबेलात बंदी करून नेलेल्या यहूद्यांना यरुशलेमला, घरी जायची परवानगी असेल. पण यरुशलेमचं नावसुद्धा नाही. आहे ते असं: मार्दुक देव बाबेलच्या राजावर कोपला, न्यायी राजा शोधू लागला, त्यानं कोरेशाचा हात धरला आणि लढाईविना त्याला शहरात नेलं. हे इ.स.पू. ५३९चं.

भाषांतराचा फलक वाचून जालन्याची एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हे तर यशया ४५!"

खरंच. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या त्या अध्यायातही परमेश्वर, म्हणजे यहोवा, कोरेशाचा उजवा हात धरतो, त्याला आपला अभिषिक्त म्हणतो, त्याच्यापुढे वेशी उघडतो.

"मग कोरेशाला बोलावलं कोणी? यहोवानं की मार्दुकानं?"

मागे उभे असलेले एक पारशी आजोबा मोठ्यानं हसले.

मी म्हटलं, कोण बोलतंय ते आधी बघा. दंडगोल जिंकलेल्या राजाचा. आणि यशयातले हे शब्द ज्यांच्यासाठी, त्यांचं मंदिर जळालेलं, राजाचे डोळे काढलेले, सैन्य शून्य. असे लोक म्हणतात, जगाचा सम्राट आमच्या देवाचं काम करतोय, आणि त्याला त्याचा पत्ताच नाही! बरं, ही स्वतःची पाठ थोपटणंही नव्हे. याच यशयात अश्शूरचं साम्राज्य हा देवाच्या क्रोधाचा सोटा आहे, आणि तो यरुशलेमवरच उगारलेला. सोटा माजला तेव्हा त्याचाही हिशेब झाला. मंदिर जाळणाऱ्या बाबेलच्या राजाला, नबुखद्नेस्सराला, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात देव 'माझा सेवक' म्हणतो. क्रोधाचा प्याला सगळ्या राष्ट्रांना पाजायचा असतो, पण पहिला घोट यरुशलेमला.

"सर, आजचं बाबेल कोणतं?" एकानं विचारलंच. यूट्यूबवर नकाशे लावून हे सांगणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. म्हटलं, आमोस संदेष्ट्याचं पुस्तक काढ. तिथे देव एकेका राष्ट्राचा न्याय करत येतो: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. शेजाऱ्यांची पापं ऐकताना इस्राएलातले श्रोते माना डोलावत असणार. मग यहूदा. आणि मग ते स्वतः.

परतीच्या गाडीत जालन्याची बाई पुन्हा सरसावली. "नबुखद्नेस्सर गर्वानं बोलला तर त्याला गवत खायला लावलं. कोरेशानं सगळं श्रेय मार्दुकाला दिलं, त्याला काहीच नाही?"

मी म्हटलं, 'तू मला ओळखत नसलास तरी' असं देव यशयात त्याला आधीच सांगून बसलाय.

"म्हणजे सवलत?"

लोणावळा आलं तरी आमचं भांडण मिटलं नव्हतं.