खाजनातली पेशी दोन मायक्रोस्कोपखाली: माझा अनुभव

खाजनाच्या (गोव्यातल्या खाडीकाठच्या, बांध घातलेल्या खारट शेतजमिनीच्या) मानशीजवळून, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारापासून, आणलेल्या पाण्याच्या एका थेंबात नाना तऱ्हेचे जीव असतात. मला त्यातले फक्त सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू, बघायचे होते, तेही आतून. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला रंग कळत नाहीत. त्या राखाडी गर्दीत आपली पेशी शोधत बसलं तर मशीनचा महागडा वेळ जातोच, शिवाय इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने नमुना खराब होतो. सायनोबॅक्टेरियातली रंगद्रव्यं मात्र फ्लुओरोसन्समध्ये, म्हणजे एका रंगाचा प्रकाश टाकून दुसऱ्या रंगाची चमक बघणाऱ्या मायक्रोस्कोपमध्ये, आपणहून लाल चमकतात. म्हणून आधी प्रकाशात पेशी हेरायची आणि मग तीच इलेक्ट्रॉनांनी गाठायची, असं आमच्या लॅबच्या मॅडमनी ठरवलं.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये पेशी जशीच्या तशी टिकावी म्हणून नमुना आधी गोठवायचा. त्याचं तंत्र ठरलेलं आहे. ३ मिलिमीटरच्या ग्रिडवर (धातूच्या बारीक गोल जाळीवर) थेंब सोडायचा, फिल्टर पेपरने जादा पाणी टिपायचं आणि ग्रिड झटकन लिक्विड इथेनमध्ये बुडवायची. थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवून भागत नाही. तो ग्रिडभोवती उकळतो, वाफेचा थर धरतो आणि उष्णता पुरेशा वेगाने निघत नाही. इथेनमध्ये पाण्याला पेशी बिघडवणारे स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही, ते काचेसारखं घट्ट होतं. जॅक डुबोशे यांना २०१७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच कामासाठी.

खरी कसोटी पुढे. ग्रिड साधारण उणे १३५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की स्फटिक धरू लागतात, म्हणून सगळी हलवाहलव नायट्रोजनमध्ये किंवा त्याच्या गार वाफेत. आणि गोव्याची हवा ही अशी दमट! उघड्या भांड्यात हवेतली वाफ गोठून पांढरे कण तरंगायला लागतात, आणि त्यातला एखादा नेमका हव्या त्या पेशीवर बसतो. पावसाळ्यातल्या ग्रिड अशाच वाया गेल्या. मग आदल्या रात्रीपासून डिह्युमिडिफायर चालू ठेवला. श्वासातली वाफही नडते, म्हणून मास्क लावला. चिमटा दर वेळी हेअर ड्रायरने सुकवायचा, मगच गार करायचा. नायट्रोजन दुधट दिसला की ओतून द्यायचा, कंजुषी नाही. माझ्या मते सगळं यश इथेच ठरतं.

क्रायो फ्लुओरोसन्समध्ये, म्हणजे गोठलेली ग्रिड फ्लुओरोसन्सखाली बघताना, आम्ही कोरडी (तेल न लावता वापरायची) लेन्स वापरली. तीन-चारशे नॅनोमीटरच्या खालचं तिला वेगळं दिसत नाही. थेंबात आधीच फ्लुओरोसंट मणी मिसळले होते. ते दोन्ही मायक्रोस्कोपखाली दिसतात, त्यांच्यावरून दोन चित्रं एकमेकांवर बसवता येतात.

पुढचं काम बेंगळुरूला. अख्खी पेशी इलेक्ट्रॉनांना आरपार जायला जाड, म्हणून गॅलियम आयनांच्या झोताने ती वरून-खालून तासतात आणि दीडशे-दोनशे नॅनोमीटरचा पापुद्रा उरवतात. हा लॅमेला. मणी आडवे छान जुळतात, पण खोलीच्या दिशेने प्रकाशाचा अंदाज ढोबळच असतो. हवा तो भाग तासून गेला तर? म्हणून लॅमेला पुन्हा फ्लुओरोसन्सखाली बघायचा आग्रह मी धरला. बर्फ बसायचा धोका एका फेरीने वाढतो, तरी हे करावंच.

लाल चमक शिल्लक होती. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये लॅमेला उणे ६० ते अधिक ६० अंशांच्या कोनांत कलवत चित्रं घेतली, त्यांचा टोमोग्राम, म्हणजे त्रिमितीय चित्र, बांधला. पेशीच्या कडेने थायलाकॉइडचे (प्रकाश शोषणारी रंगद्रव्यं जिथे असतात त्यांचे) पडदे थरावर थर, आत कार्बोक्सिझोमचे (कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या कप्प्यांचे) बहुकोनी गोळे. त्याच लॅमेलात न चमकलेली एक पेशी होती, तिच्यात यातलं काहीच नव्हतं. हेरलेली पेशी तीच, याची यापेक्षा चांगली खात्री मला नको होती.

पुढच्या ग्रिड जानेवारीत गोठवणार. तेव्हा हवा त्यातल्या त्यात कोरडी, आणि खाजनातलं पाणी पावसाळ्यापेक्षा खारट. खारटपणाने या पडद्यांची मांडणी बदलते का, ते बघायचंय.