घाटरस्त्याच्या निविदेचा दर आम्ही कसा ठरवला

पाटण तालुक्यातील एका घाटरस्त्याच्या सुधारणेची निविदा महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावर आली, तेव्हा बयाणा रक्कम (निविदेसोबतची अनामत) भरण्यापूर्वी मी आमची निविदा क्षमता, म्हणजे आम्ही किती रकमेचे नवे काम घेऊ शकतो ते, तपासली. ए गुणिले एन गुणिले २, वजा बी, असे तिचे सूत्र आहे; ए म्हणजे सर्वाधिक वार्षिक उलाढाल, एन म्हणजे कामाची मुदत वर्षांत आणि बी म्हणजे हातातील कामांची रक्कम. मागील पाच वर्षांतील सर्वाधिक वार्षिक उलाढाल ४ कोटी आणि कामाची मुदत नऊ महिने, म्हणजे एन ०.७५, धरून गुणाकार ६ कोटी आला. त्यातून हातातील कामांचे अडीच कोटी वजा केल्यावर साडेतीन कोटी उरले आणि तीन कोटींच्या या कामाला आम्ही पात्र ठरलो. चालू कामांच्या यादीतून एकही काम वगळू नये, असे माझे ठाम मत आहे.

काम बी-१ नमुन्यातील असल्यामुळे अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, एवढाच आकडा भरायचा होता. किती बिलो (अंदाजपत्रकाहून कमी) जायचे, हे पुष्कळ जण इतरांच्या मागील दरांवरून ठरवतात. आम्ही मात्र थोरल्या बंधूंसह पूर्ण रस्ता पायी पाहिला. लीड तक्त्यात (साहित्य कुठून व किती अंतरावरून आणायचे त्याच्या तक्त्यात) दाखवलेल्या खाणीवरचा क्रशर बंद होता आणि चालू क्रशर घाटाखाली बराच दूर होता. भरलेला डंपर त्या चढावर दिवसाला मोजक्याच खेपा करू शकत असल्याने खडीच्या प्रत्येक ब्रासमागे वाहतूक वाढत होती. निविदापूर्व बैठकीत मी हा मुद्दा लेखी मांडला. वाढीव वाहतुकीचे पैसे मिळणार नाहीत, असे स्पष्ट उत्तर मिळाले.

मग खडीचे थर, डांबरीकरण, मोऱ्या आणि संरक्षक भिंत यांचे दरपृथक्करण, म्हणजे प्रत्येक बाबीच्या खर्चाची फोड, प्रत्यक्ष अंतर, स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि क्रशरमालकाचे लेखी दरपत्रक धरून नव्याने केले. त्यातून ३.६ टक्के कमी दर निघाला. त्याहून खाली जाण्याचा आग्रह बंधूंनी धरला, पण मी मान्य केले नाही. फार कमी दर भरला की अतिरिक्त सुरक्षा अनामत अडकते, आणि तोटा शेवटी खडीच्या थरातूनच भरून काढला जातो; त्याचे परिणाम पहिल्याच पावसाळ्यात गावकऱ्यांना भोगावे लागतात.

संकेतस्थळावरून घेतलेल्या, आमचा दर भरायच्या फाइलचे नाव न बदलता ती अपलोड केली आणि अंतिम मुदतीच्या आदल्या दिवशीच निविदा फ्रीझ केली, म्हणजे अंतिमतः सादर केली, कारण फ्रीझ केल्याशिवाय ती दाखल झाली असे धरत नाहीत. तांत्रिक छाननीत एक निविदाकार बाद झाला. दरांचा दुसरा लिफाफा उघडल्यावर उरलेल्यांत आमचा दर सर्वांत कमी निघाला. कार्यारंभ आदेश येताच आम्ही त्या क्रशरमालकाशी खडीच्या दराचा करार केला.