काळ्या चौकोनांमागची मुलं: ऑनलाइन वर्गाचा माझा अनुभव

लालबागच्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवते. जून 2020 ला नववीचे वर्ग ऑनलाइन सुरू झाले तेव्हा स्क्रीनवर नुसते काळे चौकोन, त्यात नाव आईचं नाहीतर बाबांचं, कारण फोन त्यांचा, मग हजेरी घेताना नक्की कोण आलंय तेच कळेना. जो तो सांगत होता, कॅमेरा चालू करायला लावा. मला ते अजिबात पटलं नाही. चाळीतली दहा बाय बाराची खोली, मागे आजी झोपलीये, आई भाकऱ्या थापतेय, बाबा लॉकडाऊनमुळे घरीच, आणि हे सगळं अख्ख्या वर्गाला दाखवायला चौदा वर्षांचं पोर कसं तयार होईल?

म्हणून मी आधी घरोघरी फोन केले, संध्याकाळी, घरात सगळे असताना. अभ्यासाचं एक अक्षर काढलं नाही. फोन कोणाचा, मोकळा कधी असतो, नेटपॅक पुरतो का, बसायला जागा आहे का, एवढंच. तेव्हा कळलं की एक जण पोटमाळ्यावर बसून तास करतो, आणि एका मुलीचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर, फोन त्यांच्याबरोबर ड्युटीवर जातो म्हणून ती दिवसा येतच नाही. जुलैत केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या, नववी ते बारावीला दिवसाला जास्तीत जास्त चार तासिका, प्रत्येकी 30 ते 45 मिनिटं. मुलांच्या डोळ्यांसाठी ते बरोबरच होतं, पण या मुलीचा वर्ग रात्री दहाला फोन घरी आल्यावरच सुरू व्हायचा, त्याचं काय?

तिच्यासाठी व्हॉइस नोट सुरू केल्या आणि मग सगळ्यांनाच पाठवायला लागले. वहीचा फोटो आला की नावाने हाक मारायची, आधी बरोबर काय आलंय ते सांगायचं, मग चूक. "दुसऱ्या ओळीपर्यंत एकदम बरोबर आहेस गं, आता तिसऱ्या ओळीत वजाबाकी करताना चिन्ह बदललंस का बघ." बहुपदींच्या भागाकारात बहुतेक जण तिथेच अडकतात. तिचं उत्तर आलं, घरात सगळे झोपलेले म्हणून अगदी दबक्या आवाजात, "बाई, परत केलं, आता बाकी शून्य येतेय."

नंतर वाचनात आलं की कॅनडातले शिक्षण-संशोधक गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी 2000 मध्येच लिहून ठेवलंय, ऑनलाइन वर्गात शिकवण्याइतकीच 'सोशल प्रेझेन्स' लागते, म्हणजे समोर खरं माणूस आहे हे एकमेकांना जाणवायला हवं. माझा अनुभव तोच आहे, फक्त त्यासाठी चेहरा दिसायलाच हवा असं नाही.

ऑक्टोबर 2021 ला शाळा उघडली तेव्हा ही मुलं दहावीत होती. सुट्टीत अजूनही मी असंच शिकवते. नोट मिनिटभराचीच ठेवते आणि ज्याची त्यालाच पाठवते, ग्रुपवर कधीच नाही, सगळ्यांसमोर चूक दाखवली की पुढच्या वेळी वहीचा फोटोच येत नाही.