डब्लिनमधला लाल कोट आणि ओला अंगठा

डब्लिनच्या चार दिवसांपैकी तीन पावसाने खाल्ले. लिहायचंय ते लिबर्टीज भागात, फ्रान्सिस स्ट्रीटवरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातल्या अर्ध्या तासाबद्दल. काचेच्या पेटीत हस्तिदंतावरचं लघुचित्र होतं: तळहातात मावणारा, लाल कोटातला लष्करी अधिकारी. चिठ्ठीवर नाव, 'फ्रेडरिक बक, कॉर्क'.

चित्रकार बकचा जन्म १७७१चा. थोरला भाऊ अ‍ॅडम लंडनला गेला, हा आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्कमध्येच राहिला आणि ते त्याच्या पथ्यावर पडलं. नेपोलियनच्या युद्धांत कॉर्कच्या बंदरातून पलटणी स्पेन-पोर्तुगालला निघत आणि जहाज सुटण्याआधी घरच्यांसाठी चेहरा ठेवून जायची घाई असे. असं सांगतात की बक अर्धवट रंगवलेली चित्रं तयारच ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की डोकं आणि त्या पलटणीच्या रंगाची कॉलर चढवायची. म्हणूनच की काय, त्याच्या चित्रांत बऱ्याचदा कोट कडक इस्त्रीचा आणि चेहरा मात्र घाईचा वाटतो. मला तरी तो घाईचा चेहराच आवडतो.

काच आतून धुरकट होती. दुकानदाराने चाकूच्या टोकाने मागचं झाकण उचकटलं, काच सोडवली आणि चित्रावर पडलेला ठिपका पुसायला अंगठा थुंकीने ओला केला! पाणरंग आणि गोंदाचं काम आहे हे, एका थेंबाने गाल उचलून येतो. धुरकटपणा म्हणजे काचेचा रोग. दमट हवेत जुन्या काचेतले क्षार पाझरून बारीक थेंब धरतात. पुसले तरी पुन्हा येतात, काच बदलणं हाच इलाज आणि तोही जाणकाराच्या हातून. शिवाय काच आणि हस्तिदंत यांच्या कडेला बैलाच्या आतड्याचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. सोन्याचा वर्ख कुटताना वापरतात तोच. धूळ आत जाऊ नये म्हणून. झाकण उचकटताना तो फाटला.

तशीही खरं-खोटं पारखताना पहिली नजर चेहऱ्यावर नको. दहापट भिंग घ्या. खऱ्या कामात त्वचा बारीक रेघा-ठिपक्यांनी उभी राहते, मधून कोरा हस्तिदंत चमकतो. सगळीकडे एकसारखी जाळी दिसली तर छापील चित्रावर वरून रंग चढवलाय. हस्तिदंताचे बारीक रेषांचे पदर कडेला तिरप्या उजेडात दिसतात, सेल्युलॉइडमध्ये, म्हणजे जुन्या प्लास्टिकमध्ये, ते नसतात किंवा अगदी एकसारखे, कृत्रिम दिसतात. जुन्या पियानोच्या पट्ट्या जोडून केलेली चौकट दिसली तर बहुधा विसाव्या शतकातला शोभेचा माल समजावा. हस्तिदंताचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, बहुतेकदा पुठ्ठ्याला चिकटवलेला. कोरड्या उष्णतेत हस्तिदंत आकसतो, पुठ्ठा तसा आकसत नाही आणि उभी चीर जाते. हॉटेलचा हीटर यांचा वैरी.

चांगलं काम बघायचं तर मेरियन स्क्वेअरची नॅशनल गॅलरी, कायमचा संग्रह फुकट. लघुचित्रकार होरेस होन १७८२मध्ये लंडनहून डब्लिनला आला. सहीत दोन 'एच' एकमेकांत गुंफून शेजारी साल टाकायचा. १८०१मध्ये आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली, तिच्यामागे गिऱ्हाईकही लंडनला गेलं आणि १८०४मध्ये होनही. चित्रकार जॉर्ज चिनरी मूळ लंडनचा, पण काही वर्षं डब्लिनमध्ये काढून १८०२मध्ये मद्रासला पोचला. अशा चित्रांना उजेड मंदच हवा, कारण गुलाबी रंग आधी उडतो आणि चेहरा निळसर, आजारी दिसू लागतो.

भारतात आणायचा विचार सोडा, हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे. ब्रिटनमध्ये १९१८पूर्वीच्या, ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लघुचित्रांना सूट आहे, पण विकण्याआधी नोंदणी लागते.

दुकानदाराचा अंगठा वेळेवर थांबला. काच बसवून त्याने झाकण दाबलं, फाटलेला पापुद्रा तसाच आत. चिठ्ठीवरची किंमत मात्र एका युरोनेही उतरली नाही.