ब्रूक्स पर्वतात, दाजींच्या शंभर यार्डांच्या आत

अलास्कात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला ग्रिझली अस्वलाची शिकार करायची असेल तर दोनच वाटा आहेत. एक, परवानाधारक गाईड घ्यायचा. त्याची फी पंधरा-वीस हजार डॉलरच्या पुढेच सुरू होते. दुसरी वाट नात्याची. अलास्कात राहणारा, १९ वर्षं पूर्ण झालेला जवळचा नातेवाईक सोबत असेल तर गाईड लागत नाही. जवळचा कोण, याची कायद्यात यादीच दिली आहे: आईवडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं, सासू-सासरे, जावई-सुना, मेहुणे-मेहुण्या, शिवाय सावत्र नाती. काका-मामा नाहीत, भाचे-पुतणे नाहीत, चुलतभाऊ तर नाहीच नाही. माझी सख्खी ताई फेअरबँक्सला असते आणि तिचा नवरा तिथंच जन्मलेला, तिथंच वाढलेला. त्यामुळे सिएटलजवळ दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा मी, मूळचा साताऱ्याचा, निव्वळ मेहुणा म्हणून अस्वलामागे जायला पात्र ठरलो.

एक गोष्ट इथं सांगून ठेवतो, कारण विचारणारे बरेच असतात. ही सवलत मी अमेरिकेचा नागरिक आहे म्हणून मिळाली. भारतातून पाहुणा म्हणून आलेल्याला अलास्कात कुठल्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी गाईड लागतोच. सख्खा मेहुणा तिथला असून उपयोग नाही.

कागदपत्रं फारशी अवघड नाहीत, महाग आहेत. परराज्यातल्या माणसाला शिकारीचं लायसन्स १६० डॉलर आणि ग्रिझलीचा टॅग १००० डॉलर. टॅग म्हणजे धातूची, एकदा लावली की न उघडणारी पट्टी. अस्वल दिसो न दिसो, पैसे गेले. शिवाय गोळी झाडताना सोबतचा नातेवाईक माझ्यापासून शंभर यार्डांच्या आत हवा. दाजींनी हा नियम मला अशा सुरात वाचून दाखवला की, शंभर यार्ड कायद्याचे, पण तू दहाच्या पुढं जायचं नाहीस.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "इथं अस्वलाला हात लावलास तर आत जाशील. तिकडं पैसे भरून मारतोस?" तिचं चुकीचं नव्हतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अस्वलाला पूर्ण संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. अलास्कात तपकिरी अस्वलं (ग्रिझली त्यातलीच) तीस हजारांच्या घरात आहेत. कुठल्या भागात, कुठल्या महिन्यांत, माणशी किती, हे राज्य ठरवतं आणि मारलेल्या प्रत्येक अस्वलाची नोंद ठेवतं. हे सगळं तिला सांगितलं. तिचं समाधान झालं नाही, आणि व्हायलाच हवं असं मलाही वाटलं नाही.

ऑगस्ट संपताना आम्ही चौघं दाजींच्या पिकअपमधून उत्तरेला, ब्रूक्स पर्वताकडे निघालो: दाजी, ताई, सोळा वर्षांची भाची आणि मी. डाल्टन हायवे हा तेलाच्या पाइपलाइनसाठी १९७४ मध्ये बांधलेला, ६६६ किलोमीटर लांबीचा रस्ता. बराचसा खडीचा, आणि समोरून येणारे ट्रक खडी उडवत जातात. मागे दोन जादा चाकं, डिझेलचे कॅन आणि ताईनं पॅक केलेलं एवढं खाणं की दाजी म्हणाले, अस्वलाला जागा कुठं आहे? कोल्डफूटला टाकी काठोकाठ भरली, कारण पुढचा पंप थेट डेडहॉर्सला, २४० मैलांवर. तिथवर जायचं नव्हतं, पण दाजींच्या घरी अर्ध्या टाकीनं कुणी फिरत नाही. फोनची रेंज केव्हाच गेली होती. सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र ताईच्या जॅकेटला अडकवलेलं होतं.

या रस्त्याची खरी मेख म्हणजे दोन्ही बाजूंचा पाच-पाच मैलांचा पट्टा. त्यात बंदुकीनं शिकार बंद, फक्त धनुष्यबाण चालतो. एटीव्ही, म्हणजे खडबडीत जागी चालणारी छोटी गाडीसुद्धा नेता येत नाही. म्हणजे रायफलवाल्यानं गाडी लावायची, पाठीवर सगळं घ्यायचं, आठ किलोमीटर चालायचं आणि त्यानंतर शिकारीला सुरुवात. मिळालं तर तेवढंच अंतर ओझं घेऊन परत. रस्त्याच्या पश्चिमेला गेट्स ऑफ द आर्क्टिक नॅशनल पार्क आहे, तिथं आमच्यासारख्यांना शिकारीला बंदी, म्हणून आम्ही पूर्वेकडे वळलो.

आठ किलोमीटर म्हणजे काय, असं सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला वाटतं. मलाही वाटलं होतं. टुंड्रावर, म्हणजे तिथल्या बिनझाडांच्या ओलसर माळावर, गवताचे गुडघाभर उंचीचे गड्डे असतात. वर पाय ठेवला की ते मान टाकतात आणि मध्ये ठेवला की बूट पाण्यात. भिजलेल्या गाद्यांवर उशा मांडून कुणी चालायला लावावं तसं ते चालणं. भाची पुढं, हातात काठी, दर थोड्या वेळानं मागं वळून "मामा, येतोयस ना?" ताई माझ्या मागे, आणि तिला दम लागलेला नव्हता याचा मला जास्त त्रास झाला.

तंबू ठोकला तो ओढ्यापासून वर, उघड्यावर. खाणं अस्वलाला न उघडता येणाऱ्या डब्यांत, तंबूपासून लांब. तंबूभोवती बॅटरीवर चालणारं विजेच्या तारेचं छोटं कुंपण. रात्री एकदा माझाच हात त्याला लागला आणि भाची पुढची दहा मिनिटं हसत होती.

त्यानंतर आम्ही जे केलं त्याला शिकार म्हणायचं की नाही, हा प्रश्न मला पहिले काही दिवस पडला. टेकाडावर बसायचं आणि दुर्बिणीतून समोरचे डोंगर पिंजून काढायचे. सकाळी बसायचं, मधे ताईचा चहा, परत बसायचं. खुरट्या बर्चनं उतार तांबडे झालेले, त्यात निळ्या बेरींचे पट्टे, आणि या दिवसांत अस्वलं थंडीआधी चरबी साठवायला दिवसभर खात असतात. त्यामुळे दाजी अस्वल शोधत नव्हते, बेरी शोधत होते. तपकिरी ठिपका दिसला की मी उडी मारायचो आणि तो दगड निघायचा. दाजी म्हणायचे, दगड असेल तर अर्ध्या तासानं तिथंच असेल. बघत राहा.

पहिलं खरं अस्वल भाचीनं शोधलं. मादी होती. एका उतारावर ती जमिनीतल्या खारीमागे लागली होती. पुढच्या पंजांनी मातीचा थरच्या थर उलथत होती, मग त्या खड्ड्यात डोकं घालायची, परत उलथायची. माती मागे उडत होती ती एवढ्या लांबून दिसत होती. मी रायफलीकडे बघितलं. दाजींनी नुसता हात वर केला. वीसेक मिनिटांनी झुडपांतून दोन पिल्लं बाहेर आली, चांगली वाढलेली, मी तर त्यांना मोठी अस्वलंच समजलो असतो. दाजी म्हणाले, दुसऱ्या वर्षातली आहेत. कायद्यानं पिल्लू मारता येत नाही आणि पिल्लांसोबतची आईही नाही. पण पिल्लं झाडीत झोपलेली असली तर आई एकटीच दिसते. म्हणून एकटं अस्वल दिसलं तरी बघत राहायचं. या सगळ्या प्रवासात मी काही शिकलो असेन तर हेच. नेमबाजी त्यापुढे सोपी. उन्हाळ्यात नेमबाजीच्या रेंजवर दाजींच्या .३३८ रायफलीनं माझा खांदा काळानिळा झाला होता, पण निशाणा तिथं जमला होता. बघायची सवय मात्र रेंजवर लागत नाही.

नर दिसला तो एका दुपारी, पाऊस थांबल्यावर. एकटा, मान जाड, कान त्या डोक्यावर लहान दिसणारे, चाल डुलत डुलत. तरी आम्ही तासभर नुसते बघत बसलो. मग ताई आणि भाची टेकाडावर थांबल्या आणि दाजी व मी वाऱ्याकडे तोंड करून ओढ्याच्या खाचेतून निघालो. अस्वलाची नजर एवढी काळजी करण्यासारखी नसते, नाक असतं. शेवटचा टप्पा आम्ही रांगत गेलो. दीडशे यार्डांवर मी पाठपिशवीवर रायफल टेकवली. ते आडवं होईपर्यंत थांब, असं दाजी कुजबुजले. ते बेरी खात वळलं. मी खांद्यामागे नेम धरून झाडली आणि दाजींनी बजावलं होतं तसं लगेच दुसरी भरून परत झाडली. ते खाली गेलं ते उठलं नाही.

अर्धा तास आम्ही तिथून हललो नाही. मग वरच्या बाजूनं जवळ गेलो आणि दाजींनी लांब काठीनं डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. आनंद झाला का? नाही, तसं म्हणता येणार नाही. छाती धडधडत होती आणि ते केवढं मोठं आहे हेच मी बघत होतो. पंजावर हात ठेवला तर बोटांना निळा रस लागला. दाजींनी लगेच टॅग हातात दिला. कातड्यात अडकवला, कट्ट आवाज झाला.

सोलण्यात संध्याकाळ गेली. पंजे कातड्यालाच ठेवायचे, सगळ्या नख्यांसकट, मनगटाच्या सांध्यात कापून. नर की मादी हे सिद्ध करणारा अवयवही कातड्याला जोडलेलाच राहायला हवा, नाहीतर पुढे वन्यजीव खात्याच्या ऑफिसात प्रश्न येतात. हे काम दाजी आणि भाचीनं केलं. मी पाय धरून उभा होतो आणि चाकूला धार लावून देत होतो. ताई रायफल घेऊन चहूकडे बघत होती, कारण रक्ताचा वास दुसऱ्या अस्वलांनाही येतो. ग्रिझलीचं मांस आणायची तिथं सक्ती नसते. पण बेरी खाल्लेल्या अस्वलाचं टाकायचं नाही, असं दाजींच्या आईचं जुनं म्हणणं, म्हणून मागच्या पायांचं मांस घेतलं.

दुसऱ्या दिवशी परतताना कातडं आणि कवटी माझ्या पाठीवर, चाळीस किलोच्या आसपास. मांस बाकीच्यांकडे. त्या गड्ड्यांवरून मी किती वेळा पडलो ते भाचीनं मोजलंय, तिलाच विचारा.

फेअरबँक्सला ताईनं मांस कुकरला लावलं. शिट्ट्या झाल्यावरही थर्मामीटर खुपसून बघितला. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात आणि उत्तरेकडची त्यांची जात फ्रीजरमध्येही मरत नाही. आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापमान व्हायलाच हवं. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, साताऱ्याहून आलेला मसाला, रस्सा. चवीला गोडसर, मटणापेक्षा रेषा जाड. दाजींनी तीनदा घेतला.

तोवर कातड्याला मीठ चोळून झालं होतं, कान आणि ओठ उलटून आतपर्यंत. साधं बारीक मीठ, पोत्यानं. मग शिक्कामोर्तब. शिकारीनंतर ३० दिवसांच्या आत कातडं आणि कवटी वन्यजीव खात्याच्या ऑफिसात न्यावी लागते. कवटी गोठलेली चालत नाही, कारण तिथं एक छोटी दाढ उपटून घेतात. तिचा काप काढून आतली वलयं मोजून वय ठरवतात. कर्मचाऱ्यानं कवटीची लांबी-रुंदी मोजली, कुठं, कधी, कुणासोबत हे लिहून घेतलं, आणि कातड्याला एक, कवटीला एक असं सील लावलं. नात्याच्या रकान्यापाशी येऊन त्यानं दाजींकडे बघत विचारलं, "बायकोचा भाऊ?" दाजी म्हणाले, "हो, एकच आहे." वय कळायला काही महिने लागतात.

कातडं आता कमावायला दिलंय. झालं की ते ताईच्या हॉलमध्येच राहील. आमच्या फ्लॅटमध्ये आणायला बायको तयार नाही. अमेरिकेबाहेर न्यायचं तर साइट्स कराराचा, म्हणजे वन्य प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, परवाना काढावा लागतो, पण तो विषय आईनं विचारायच्या आधीच संपवलाय.