किंगा राणीचा किल्ला: वाट ओली असेल तर जाऊ नका

पोलंडच्या पर्यटन-पत्रकात ‘राणी किंगाचा किल्ला’ असं ठळक छापलेलं होतं. गडकोटांच्या वेडापायी फिरणाऱ्यांना एवढं पुरतं. वर पोचल्यावर काय मिळालं? जोत्याचे दगड, भिंतीचे तुकडे आणि एका कपारीत राणीचा पुतळा. बुरूज नाही, दरवाजा नाही. तरी जा, पण कोरड्या दिवशी.

किंगा ही हंगेरीच्या बेला चौथ्याची मुलगी. १२३९ मध्ये पोलंडात आली आणि क्राकूवच्या बोलेस्वाव ड्यूकची बायको झाली. दोघांनी ब्रह्मचर्य पाळलं. नवऱ्याला ‘लाजाळू’ हे बिरूद चिकटलं ते त्यामुळेच. १२७९ मध्ये तो वारल्यावर तिने स्तारी सोंच गावात जोगिणींचा मठ काढला आणि स्वतःही त्यात राहायला गेली. १२८७ मध्ये मंगोल आले तेव्हा मठातल्या बायकांना घेऊन ती ज्या डोंगरात लपली, तो हा पिएनिनीचा डोंगर. साठी ओलांडलेली बाई या वाटेने वर गेली, हे तिथे पाय थरथरत असताना आठवलं आणि गुमान चालत राहिलो.

वाट अशी. क्रोश्चेन्को गावातून पिवळ्या खुणांनी शोप्का खिंडीपर्यंत चढा. काही विशेष नाही, नुसता घाम. तिथून निळ्या खुणांनी त्शी कोरोनी शिखर, ९८२ मीटर. माथ्यावरच्या लोखंडी सज्जाला तिकीट आहे, रांगही असते. खाली दुनायेत्स नदीचं वळण दिसतं; पळताना किंगाने टाकलेल्या रिबिनीची ही नदी झाली, असं लोक सांगतात. मग निळ्या खुणा किल्ल्याकडे उतरतात, आणि खरा त्रास तिथे आहे. झाडांची मुळं, ओला पाला, त्याखाली बुटांनी घासून घासून गुळगुळीत झालेला चुनखडीचा दगड. सह्याद्रीच्या कातळावर बूट धरतो, इथे अजिबात धरत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला होता. अर्धा उतार बसून उतरलो, पँटचं वाटोळं झालं. पत्रकात या टप्प्याला ‘कुटुंबासह रमतगमत’ म्हटलंय. ते लिहिणाऱ्याला एकदा पावसानंतर पाठवा. काठी न्याच, आणि लहान मुलं बरोबर असतील तर खिंडीतूनच मागे फिरा.

किंगासाठी व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत जाणार असाल तर स्पष्ट सांगतो: गरज नाही. जमिनीखाली १०१ मीटरवर खाणकामगारांनी मिठात कोरलेलं तिचं देऊळ थक्क करतं, मान्य. पण काम सुरू झालं १८९६ मध्ये, ती गेल्यावर सहाशे वर्षांनी. हंगेरीतल्या खाणीत टाकलेली तिची अंगठी इथल्या मिठात सापडली, ही दंतकथा. तिकीट महाग, वाटाड्याशिवाय सोडत नाहीत, आणि सुरुवातीलाच तीनशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या. गुडघे त्शी कोरोनीसाठी राखून ठेवा.

क्राकूवचे दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तिथल्या वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये याद्विगाचं थडगं मात्र चुकवू नका. हंगेरीतल्या बुडाच्या दरबारातून आणलेली ही पोर १३८४ मध्ये दहाएक वर्षांची असताना ‘राजा’ म्हणून अभिषिक्त झाली. राणी नव्हे, राजा. १३९९ मध्ये गेली तेव्हा आपले दागिने विद्यापीठासाठी ठेवून गेली. तिच्या थडग्यात निघालेला राजदंड लाकडी, वर सोनेरी मुलामा.

स्तारी सोंचला आगगाडी जाते. आम्ही नोवी सोंचला उतरून टॅक्सी केली. मीटर बंद, भाव तोंडी, आणि पोचल्यावर ठरल्याच्या दुप्पट पैसे मागितले. भांडलो, थोडे कमी झाले, पण डोकं तापलं ते मठाच्या दारापर्यंत. आत गेल्यावर निवलं. चर्चमधला कोरीव व्यासपीठाचा खांब निवांत बघा. १९९९ मध्ये पोपनी याच गावात किंगाला संतपद जाहीर केलं, तेव्हाची लाकडी वेदीही अजून उभी आहे. चौकात नदीचे गोटे बसवलेत, चाकांची बॅग ओढताना हात दुखतो.

दोन दिवसच असतील तर वावेल आणि स्तारी सोंच करा. हवामान कोरडं दिसलं तरच तिसरा दिवस किल्ल्याला द्या. परतीची बस आधी बघून ठेवा, टॅक्सी करायची वेळ येऊ देऊ नका.